अरुणची फळी

ऋचा : आवाजाचंच सांगायला आलात ना मामी? उद्यापासून मी टेबलाखाली सतरंजी घालते. मग कितीही घासलं तरी खाली तुम्हाला ऐकू येणार नाही. बसा ना. त्या स्टुलावर नको, शाई सांडलीय. ही खुर्ची घ्या.

कमलिनी : आवाज असू दे. दुपारी पडते तेव्हा डोक्यावर खसखस खसखस होतं, मजला बरं वाटतं. वरती कोणी तरी आहे, असं. मी त्याला आले नाही. गच्चीतनं दिसलं म्हणून आले, दोरीवर हे काय वाळत घातलंस?

ऋचा : छाप आहेत. नुसत्या लाकडाचे, अजून काही कोरलेलं नाही. कोरायच्या आधी कोऱ्या फळीला पातळ शाई लावायची, वर कागद ठेवायचा आणि पाठीवरून या चकतीनं घासायचं. मग लाकडाच्या रेषा कागदावर येतात. कुठे गाठ आहे, कुठे रेषा वळलीय, ते कळतं. आमचे सर सांगायचे, आधी लाकूड काय म्हणतंय ते ऐका, मग आपलं सांगा.

कमलिनी : कुठलं लाकूड?

ऋचा : इथलंच की. माळ्यावर गाद्यांच्या मागे फळी होती. तुम्हीच म्हणालात, खोलीत जुनं काय असेल ते वापर, नाहीतर भंगारवाल्याला दे.

कमलिनी : म्हटलं होतं. फळीच्या पाठीला छत्रीचं चित्र आहे का? आणि बाण?

ऋचा : आहे. आमचा हेरंब म्हणाला, त्यांच्या ओरगडमच्या कारखान्यात परदेशातून सुटे भाग येतात ते असल्याच पेट्यांतून. पाइनचं लाकूड, एकदम मऊ. शिकणाऱ्याच्या हाताला बरं.

कमलिनी : अरुणची आहे ती.

ऋचा : तुमच्या मुलाची? जो गेला?

कमलिनी : गेला म्हणू नको. मेला असं ऐकू येतं. तो निघून गेला. श्रीपेरुंबुदूरला कंपनीत होता, तिथं पेटी फोडली तेव्हा ही फळी घेऊन आला. मांडीवर घ्यायचा आणि ह्याच खोलीत, त्या खिडकीत, लिहीत बसायचा. मी म्हणायची, टेबल घे रे. वेण्डाम् अम्मा, नको, मजला हीच पुरे, म्हणायचा. अठरा वर्षं जहाली.

ऋचा : मला माहीत असतं तर मी हात लावला नसता. खरंच सांगते. आज कोरायलाच बसणार होते, ती बघा, पटाशीला धार लावून ठेवलीय. आता नाही कोरत. घेऊन जा तुम्ही खाली.

कमलिनी : थांब. ह्या पांढऱ्या रेघा कसल्या?

ऋचा : किडीच्या वाटा आहेत. बारीक किडा असतो, तो लाकडात खात खात फिरतो. जिथे खड्डा तिथे शाई लागत नाही, मग कागदावर पांढरं राहतं. मला इतक्या आवडल्या त्या वाटा, की ठरवलं होतं, तेवढ्या तशाच ठेवायच्या आणि बाकीचं कोरायचं.

कमलिनी : किडा ओळीनं चालतो का?

ऋचा : म्हणजे?

कमलिनी : इकडं ये. माझ्या बाजूला, गच्चीच्या दारात. तू आतून बघतेस, कागदाच्या तोंडाकडून. मी गच्चीतनं आले, मजला कागदाची पाठ दिसली. खिडकीचा उजेड पलीकडं राहू दे. हां, आता बघ.

ऋचा : आरपार दिसतंय. कागद पातळ आहे ना. अगं बाई. मामी, ह्या ओळी आहेत.

कमलिनी : हं.

ऋचा : छापात सगळं उलटं येतं, मागून बघितलं की सरळ होतं. मला कळायला हवं होतं. पण हे तमिळ आहे, मला एक अक्षर येत नाही. मी तर बससुद्धा नंबरावरून ओळखते. चार दिवस मी ह्याला किडा समजत होते.

कमलिनी : तुझं काय चुकलं? आम्ही तंजावरकडची, आमची पोरं घरात मराठी बोलतात, लिहितात तमिळ. माझंही तसंच. तुझ्या दारावरच्या पाटीवर काय लिहिलंय ते मजला वाचता येतं का? तुझं बोलणं मजला कळतं, माझं तुजला कळतं, लिहिलेलं मात्र दोघींना परकं.

ऋचा : हे त्याचं अक्षर आहे?

कमलिनी : बॉलपेन असा दाबायचा की खाली फळीवर उमटायचं. त्याचे वडील, आमचे राव, ओरडायचे, अरे, पेन आहे की खिळा.

ऋचा : काय लिहिलंय?

कमलिनी : वरती नुसता गोंधळ आहे. एकावर एक लिहिलंय. हे इंग्रजी दिसतं, रजेचा अर्ज असावा. खाली मोकळं आहे. इथनं. हा पहिला शब्द... अप्पा.

ऋचा : अप्पा म्हणजे वडील. पत्र वडिलांना आहे?

कमलिनी : पत्र नव्हतं. त्यानं काही लिहून ठेवलं नव्हतं. मी अवघी खोली उलटी केली होती. उशीचा कापूससुद्धा काढला. रावांना विचारलं, तुमच्याजवळ काही दिलं का? त्यांनी मान हलवली. नाही म्हणून मान हलवली, ऋचा.

ऋचा : पाणी आणू का?

कमलिनी : नको. माझा चष्मा तुझ्या टेबलावर ठेवलाय, तो दे. आणि पहिला छाप कुठला? ह्यातला अगदी पहिला?

ऋचा : डावीकडचा. पाच काढले, डावीकडून ओळीनं. पहिल्यात सगळ्यात स्वच्छ आहे.

कमलिनी : अप्पा, अम्मानं... तोंड दाखवू नको म्हटलं आहे. हं. म्हटलं होतं. तंजावरहून मुलीकडची माणसं आली होती, चौथ्यांदा. खाली हॉलमध्ये बसलेली. मी बज्जी तळली, केसरी केला. हा वरनं खाली उतरलाच नाही. दोन तास. माणसं उठून गेली. मग मी जिन्यात उभी राहून ओरडले, तुझं तोंड दाखवू नको मजला. कोणती आई असं म्हणत नाही? तू लग्न का करत नाहीस, हे मी विचारलंच नाही. माणसं काय म्हणतील, एवढंच डोक्यात.

ऋचा : आई असं शंभरदा म्हणते, मामी. माझी आई रोज म्हणायची.

कमलिनी : तू खाली उतरायचीस ना पण. तो सोमवारी निघून गेला. पुढं वाचते. सैदापेटला... मित्राकडं राहतो. पाळी तीच, कंपनीची बस तीच. मग इथं फळीला गाठ आहे, दोन शब्द गेले. शुक्रवारी पहाटे साडेपाचला बस आपल्या कोपऱ्यावरून... जाईल तेव्हा खिडकीतून बघेन. दारात... दारात...

ऋचा : काय? दारात काय?

कमलिनी : दारात कोलम असेल तर उतरेन.

ऋचा : कोलम. रांगोळी.

कमलिनी : हं.

ऋचा : मामी, या गल्लीत सगळ्या घरांपुढे रोज कोलम असतं. तुमच्याच घरापुढे नसतं. आम्ही नवरा-बायको ही खोली भाड्यानं बघायला आलो तेव्हा मी हेरंबला म्हटलं होतं. मला वाटलं, तुमचे गुडघे दुखतात म्हणून.

कमलिनी : गुडघे आत्ता दुखतात. तेव्हा माझं शुक्रवारचं कोलम बघायला पलीकडच्या गल्लीतल्या बायका यायच्या. एकवीस ठिपक्यांचं, लाल कावेची कड देऊन. अरुण लहानपणी उंबऱ्यावर बसून ठिपके मोजायचा. तो निघून गेला आणि मी मंगळवारपासून पीठ हातात घेतलं नाही. पोर गेलेल्या घरापुढं कोलम कसलं? मेलेल्याच्या घरी घालतात का? मी दुःखानं घातलं नाही, ऋचा. रागानं नव्हे. राग सोमवारीच संपला होता.

ऋचा : आणि त्याला वाटलं असेल...

कमलिनी : आपली आई तोंड बघणार नाही, असं वाटलं असेल. दुसरं काय वाटणार?

ऋचा : पण वडिलांना तर त्यानं कळवलं होतं. त्यांनी तुम्हाला सांगायला नको? एक शब्द? उद्या पहाटे कोलम घाल, एवढंच?

कमलिनी : थांब. पुढं आहे. अम्माला हे सांगू नका. तुम्ही सांगितलं म्हणून... घातलेलं मजला नको. तिनं आपणहून घालावं. माझी शपथ आहे.

ऋचा : असली कसली शपथ घालायची.

कमलिनी : तुझ्याएवढाही नव्हता तो. सव्वीस वर्षांचा. ऋचा, ह्यांनी कोलम घातलं होतं.

ऋचा : कोणी?

कमलिनी : रावांनी. त्याच शुक्रवारी. मजला आत्ता कळतंय. अठरा वर्षं मी ती गोष्ट सगळ्यांना दुसऱ्या रीतीनं सांगितली. माझ्या बहिणीला सांगितली, शेजारच्या भवानीला सांगितली. बघा, कसला माणूस आहे माझ्या नशिबात, पोर घर सोडून गेलं आणि हा सण करतो.

ऋचा : काय झालं होतं त्या दिवशी?

कमलिनी : सव्वापाच होऊन गेल्यावर उठले, बाजूला हे नाहीत. पुढचं दार उघडं. बाहेर बघते तर वेष्टी खोचून उंबऱ्यापुढं उकिडवे बसलेत, हातात पिठाची वाटी. रेल्वेत मोठे साहेब, घरात कधी चमचा धुतला नाही. ठिपके घालत होते. वाकडे. पहिल्या ओळीत सात, दुसरीत पाच, तिसरीत परत सहा. कुठलं कोलम तसं असतं? त्यावर रेघा ओढल्या होत्या, शाळेतलं पोर काढतं तशा. पावम, बिचारे, बोटांतून पीठ सोडायला येत नव्हतं, ढीग पडत होते.

ऋचा : शपथ मोडली नाही त्यांनी. तुम्हाला सांगितलं नाही. स्वतःच घालायला बसले.

कमलिनी : मी न्हाणीतली बादली आणली. ते उठून उभे राहिले, दोन्ही हात असे पुढं केले. म्हणाले, कमलम, राहू दे. दहा मिनिटं राहू दे. मी म्हटलं, लाज नाही का तुम्हाला? त्यांनी परत म्हटलं, फक्त दहा मिनिटं. मी अवघी बादली ओतली.

ऋचा : मामी.

कमलिनी : दहा मिनिटं कशाला हवी होती, हे मनात आलं नाही, असं नाही. आलं होतं. पण त्या दिवसापासून मी त्यांच्याशी नीट बोललेच नाही, मग विचारणार कशी? जेवायला वाढलं, औषध दिलं. बोलले नाही.

ऋचा : तेव्हा किती वाजले होते? बस गेली होती का? गेली असेल आधीच. उठलातच उशिरा तुम्ही.

कमलिनी : गेली नव्हती.

ऋचा : कशावरून?

कमलिनी : मी बघितली. पाणी ओतलं, रिकामी बादली हातात होती. पीठ वाहत गटाराकडं चाललं होतं. आणि कोपऱ्यावर बस येऊन थांबली. आमच्या गल्लीतनं त्या पाळीला अरुण एकटाच चढायचा. तो घरी नाही, मग बस कोणासाठी थांबली, असं मजला वाटलंसुद्धा. बसचं दार उघडलं. कोणी चढलं नाही, कोणी उतरलं नाही. बराच वेळ उघडं होतं. मग लागलं आणि बस गेली.

ऋचा : तुम्हाला तो दिसला?

कमलिनी : आत दिवा नव्हता. मी त्याला दिसले असेन. आमच्या दारावरचा दिवा चालू होता. मी बादली घेऊन उभी.

ऋचा : असं नका बोलू. तो त्या दिवशी बसमध्ये नसेलही.

कमलिनी : त्याच दिवशी त्यानं कंपनी सोडली. हे पुढं विचारायला गेले होते, तिथं सांगितलं, शुक्रवारी पाळीवर आला, दुपारी हिशोब मागून घेतला आणि गेला. मित्राचं घरही सोडलं असेल. आता आठवतं, हे तीन रविवार सैदापेटला जात होते. भाजी चांगली मिळते म्हणायचे. पिशवी रिकामी घेऊन यायचे.

ऋचा : आणि तुम्ही कधी विचारलं नाहीत.

कमलिनी : मी बोलत नव्हते ना.

ऋचा : अजून काही आहे का? पत्ता वगैरे?

कमलिनी : कागद इथं संपतो. खाली पांढरं आहे. पण वाक्य संपलेलं नाही. कोलम नसेल तर, असं आहे, आणि पुढं काही नाही. फळी इथं संपते का?

ऋचा : नाही. खालच्या चार बोटं रुंद पट्टीला मी शाईच लावत नाही. तिथे डाव्या हातानं फळी धरावी लागते. पाचही छापांत तेवढी पट्टी राहिलीय.

कमलिनी : मग तिथं लाव.

ऋचा : लावते. पण आधी ऐका माझं. मी एक चूक केलीय. ही पाण्यात मिसळणारी शाई आहे. प्रत्येक छापानंतर फळी ओल्या फडक्यानं साफ करते. आणि अगदी आधी, फळीला तेलकट डाग होते म्हणून, गरम पाण्यानं घासून काढली होती. लाकडाला पाणी लागलं की दबलेला भाग फुगून वर येतो. म्हणून बघा, पहिल्या छापात ओळी स्वच्छ आहेत, पाचव्यात निम्म्या नाहीत. मला वाटलं होतं, माझी शाई जास्त होतेय.

कमलिनी : म्हणजे तू रोज त्याचं अक्षर धूत होतीस.

ऋचा : हो. मला माफ करा मामी.

कमलिनी : मी तर बादली ओतली. तुजला काय बोलू?

ऋचा : आता परत शाई लावली की त्या पट्टीत जे काही उरलंय ते एकदाच मिळेल. दुसऱ्यांदा नाही. मिळेलच असंही नाही. नाहीतर फळी अशीच ठेवू या. कोणी तरी असेल, ज्याच्याकडे चांगली मशिन असेल, त्याला दाखवू. मी चौकशी करते.

कमलिनी : किती दिवस लागतील?

ऋचा : माहीत नाही. महिना, दोन महिने.

कमलिनी : वाचलं नाही तर तो अजून काही सांगायचा राहिलाय, असं राहील. खाली पडून वरचा आवाज ऐकते तसं. ते बरं वाटेल मजला. फार बरं वाटेल. म्हणूनच नको. लाव शाई.

ऋचा : नक्की?

कमलिनी : माझं वय बघ, आणि मग विचार.

ऋचा : ठीक आहे. शाई अगदी कोरडी घेते, पाण्याचा थेंब घालत नाही. कागदही कोरडाच. खिडकी बंदच राहू दे, वारा नको. आता कागद ठेवला. ही चकती धरा.

कमलिनी : मी?

ऋचा : तुमचा हात हलका आहे. माझा दाब जास्त पडतो, खड्ड्यात शाई जाते. पीठ सोडताना हात असतो ना, तेवढाच हलका. गोल गोल. मी फळी धरते.

(कमलिनी चकती गोल गोल फिरवते. चकती कागदावर घासल्याचा आवाज.)

ऋचा : पुरे. आता ह्या कोपऱ्यातून उचला, हळू. आणि उजेडाकडे धरा. मागून बघा.

कमलिनी : चष्म्याला काय जहालं?

ऋचा : द्या, साफ करते. घ्या.

कमलिनी : पुसट आहे. नसेल तर... हा शब्द अम्मा. अम्माला... बोल... अम्माला बोल लावू नका.

ऋचा : पुढे?

कमलिनी : कधीही. अम्माला कधीही बोल लावू नका. मग नाव आहे. नुसता अ आहे, बाकीचं फुगून गेलं.

ऋचा : पत्ता नाही.

कमलिनी : पत्ता नाही. ऋचा, हे पंधरा वर्षं माझ्यासमोर बसून जेवले. मी काय काय बोलले त्यांना. दगड म्हटलं. पोराचं नाव काढत नाहीत म्हणून पाहुण्यांच्या पुढं म्हटलं. आस्पत्रीत शेवटच्या दिवशी हात पुढं केला, तेव्हा मी त्यांच्या हातात गोळी दिली. एकदा तरी म्हणायचं ना, कमलम, तूच बादली ओतलीस. एकदा. मी भांडले असते, रडले असते. त्यांनी पोराचं ऐकलं.

ऋचा : दोघांनीही तुम्हाला सांभाळलं, मामी.

कमलिनी : मजला कोणी सांभाळायला सांगितलं होतं?

ऋचा : चला, मी तुम्हाला खाली नेते. फळी पण आणते. देवाजवळ ठेवायची का?

कमलिनी : फळी इथंच राहू दे, खिडकीत. दुपारी तुझं काम चालू ठेव, दुसऱ्या लाकडावर. आवाज बंद करू नको. आणि सतरंजी घालू नको.

ऋचा : नाही घालत.

कमलिनी : आज वार कुठला?

ऋचा : गुरुवार.

कमलिनी : तू शाईत घालायला खळ करतेस, ते तांदळाचं पीठ शिल्लक आहे का?

ऋचा : आहे. डबाभर आहे.

कमलिनी : पहाटे पाचला खाली ये. मजला बसवत नाही. मी खुर्चीवर बसून सांगते, तू ठिपके घाल.

ऋचा : येते. पण मला त्यातलं काही येत नाही. माझे ठिपके वाकडे येतील. ती बस अजून जाते का?

कमलिनी : जाते. साडेपाचला. मी रोज ऐकते.

ऋचा : किती ठिपके? एकवीस?

कमलिनी : आधी सात. मग पाच. मग सहा.

ऋचा : पाचानंतर सहा कसे बसतील मामी? चुकेल ना ते.

कमलिनी : चुकू दे. बस जाईपर्यंत राहू दे.